ढाक्याच्या अंकातलं एक नाव

५ डिसेंबर १९७१, रविवार. त्या तारखेच्या ढाक्याच्या ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’मध्ये एक बातमी होती. पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडले गेले आहेत, अशी. त्यांतल्या एकाचं नावही छापलं होतं. छापलेलं इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं वाचलं तर नाव होतं ‘फ्लाइट लेफ्टनंट टॉम्बे’. दिल्लीतल्या किंवा कोलकात्यातल्या वाचकाला ते नाव परकं वाटलं असेल. मराठी माणसाला मात्र ते लगेच उमगतं. टॉम्बे म्हणजे तांबे. आपल्याकडे दर दोन-चार गावांत एखादं घर सापडेल असं आडनाव.

पुढच्या अकरा दिवसांत ढाका पडलं, शहराचा देश बदलला, आणि पत्राचं नाव ‘बांगलादेश ऑब्झर्व्हर’ झालं. त्या अंकातलं ते एक नाव मात्र एका घरासाठी पन्नास वर्षांहून अधिक काळ तसंच राहिलं आहे.

हे तांबे म्हणजे भारतीय हवाई दलाच्या ३२ व्या स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. स्क्वाड्रनचा तळ अंबाल्याला. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटलं. दोन दिवसांच्या आत तांबे शोरकोटच्या मोहिमेवरून परत न आलेले वैमानिक झाले. शोरकोट हा पाकिस्तानी पंजाबातला मोठा हवाई तळ. आज त्याला रफीकी तळ म्हणतात. हे रफीकी म्हणजे १९६५ च्या युद्धात आपल्या हलवाऱ्यावर चाल करून आलेले आणि तिथेच मारले गेलेले पाकिस्तानी वैमानिक. त्यांच्या देशानं त्यांचं नाव तळाला दिलं. त्यांचं काय झालं हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक होतं, हाच काय तो फरक.

तांबे ज्या विमानातून गेले ते ‘सुखोई-७’. याला लढाऊ-बॉम्बफेकी विमान म्हणतात. शत्रूच्या विमानाशी झुंजणं हे त्याचं मुख्य काम नव्हतं. खाली उतरायचं, धावपट्टी, रणगाडे, रेल्वेच्या गाड्या, तोफांचे मोर्चे यांवर बॉम्ब आणि रॉकेटं टाकायची आणि वेगानं निघून यायचं, हे त्याचं काम. रशियाकडून ही विमानं साठीच्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे आली. दणकट होती, पण इंधन फार पीत, त्यामुळे लांब जाता येत नसे, आणि ओझंही बेताचंच नेता येई. ४ डिसेंबरला याच ३२ व्या स्क्वाड्रनचे प्रमुख विंग कमांडर हरचरण सिंग मांगट यांच्या विमानाला क्षेपणास्त्र लागलं. शेपटीकडचा भाग फाटला, तरी ते विमान घेऊन परत आले. त्यांना महावीर चक्र मिळालं. विमानाच्या दणकटपणाची तारीफ करताना ही हकिकत नेहमी सांगितली जाते. पण त्याच युद्धात चौदाच्या आसपास सुखोई परत आली नाहीत, आणि त्यांतली बरीचशी जमिनीवरच्या तोफांनी टिपली, हेही सोबत सांगायला हवं. जमिनीलगत उडणाऱ्या विमानावर खालून शिपाई नुसती बंदूक रोखतो तेव्हासुद्धा धोका असतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि या सगळ्या हकिकतीची किल्ली माझ्या मते तीच आहे. सुखोईत माणूस एकच बसतो. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं ‘लँकॅस्टर’ बॉम्बफेकी विमान घ्या. त्यात सात जण असत. विमान पडलं तरी त्यांतला एखादा पॅराशूटनं उतरून वाचे आणि युद्ध संपल्यावर बाकीच्या सहा घरांना जाऊन सांगे, की शेवटी काय घडलं. आपल्या ‘कॅनबेरा’त दोघे असत. एकट्याच्या विमानात असा साक्षीदार नसतो. बरोबरच्या विमानातला सोबती ताशी आठ-नऊशे किलोमीटरच्या वेगानं पुढे निघून गेलेला असतो. त्यानं मागे धूर पाहिला असेल किंवा रेडिओवर आवाज बंद झालेला ऐकला असेल. छत्री उघडली की नाही, हे त्याला सांगता येत नाही. मग त्या माणसाबद्दल बोलू शकणारे उरतात फक्त शत्रूचे लोक.

त्या वेळी वाशीम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडायचं होतं. सरहद्द इथून शेकडो किलोमीटर लांब. आम्हाला युद्ध कळायचं ते ट्रांझिस्टरवर. दिल्लीहून मराठी बातम्या लागल्या की दुकानासमोर माणसं उभी राहत. किती विमानं पाडली, किती रणगाडे उडवले, हे आकडे आम्ही पोरं पाठ करायचो, क्रिकेटच्या धावसंख्येसारखे. आपली किती विमानं गेली हा आकडाही बातमीत असे, पण तो आम्ही पाठ केल्याचं मला आठवत नाही. देशभरातल्या काही घरांत मात्र वेगळ्याच कारणानं रेडिओ लावला जाई. तिथे आकाशवाणी संपली की काटा फिरवून पाकिस्तान रेडिओ शोधत. कारण पकडलेल्यांची नावं तिथून सांगितली जात. शत्रूच्या रेडिओवर आपल्या मुलाचं नाव ऐकू यावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेली घरं होती ती. नाव आलं तर मुलगा जिवंत.

पुढे मी शाळेत इतिहास शिकवला. १९७१ चं युद्ध पाठ्यपुस्तकात अर्ध्या पानाचं. त्यात त्र्याण्णव हजार हा आकडा ठळक असतो. शरण आलेले पाकिस्तानी सैनिक आणि त्यांच्याबरोबरचे लोक मिळून तेवढे. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, “सर, आणि आपले किती जण त्यांच्याकडे होते?” प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर एका आकड्यात संपत नाही.

जेवढ्यांची नोंद झाली, त्यांचं उत्तर देता येतं. पश्चिमेच्या आघाडीवर पाकिस्ताननं पकडलेले सहाशेहून अधिक भारतीय युद्धकैदी १ डिसेंबर १९७२ ला वाघा सरहद्दीवरून परत आले. त्यांत हवाई दलाचे बारा अधिकारी रावळपिंडीच्या एका छावणीत होते. त्या बारांतले एक फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. तेही मराठी, तेही सुखोईचेच वैमानिक. १० डिसेंबरला त्यांचं विमान पडलं आणि ते पकडले गेले. त्यांची पुढची हकिकत तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. छावणीच्या भिंतीला आतून भोक पाडून ऑगस्ट १९७२ मध्ये पावसाच्या रात्री परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे बाहेर पडले. बसनं पेशावर गाठलं आणि अफगाण सरहद्दीची वाट धरली. सरहद्द चार मैलांवर राहिली असताना ‘लंडी खाना’ या रेल्वे स्टेशनची वाट विचारली, आणि तिथेच घात झाला. नकाशात ते स्टेशन होतं, पण प्रत्यक्षात ते १९३२ सालीच बंद झालं होतं. जुन्या नकाशानं तिघांना पकडून दिलं. पुस्तकं झाली, चित्रपट झाला. परुळकर २०२५ साली गेले. घरी परतल्यानंतर त्यांना पन्नासहून अधिक वर्षं मिळाली.

मी या दोघांना मुद्दाम शेजारी ठेवतो. दोघांचं आडनाव आपल्यातलं, विमान एकाच जातीचं, युद्ध तेच. एकाच्या नावाचा कागद भरला गेला. दुसऱ्याचं नाव वर्तमानपत्रात आलं, पण कागदावर आलं नाही.

हा कागद कोणता, ते सांगतो. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात स्पष्ट लिहिलं आहे, की पकडलेल्या सैनिकाला छावणीत आल्यापासून आठवड्याच्या आत एक पत्रक भरू द्यायचं. त्यावर तो कोण, कुठे आहे, प्रकृती कशी, एवढंच असतं. एक प्रत घरी जाते, एक जिनिव्हाच्या मध्यवर्ती कचेरीकडे. रेडक्रॉसचे लोक त्याच आधारानं छावणीत येतात, माणसं मोजतात, पत्रं पोचवतात. युद्ध संपलं की विनाविलंब सोडायचं तेही या नोंदीवरच. पत्रक भरलंच गेलं नाही, तर तो माणूस कोठडीत असला तरी कैदी म्हणून अस्तित्वात नसतो. त्याला कोणी मागू शकत नाही, आणि ज्यानं ठेवलं आहे त्याला तो परतही देता येत नाही, कारण तसं केलं तर आजवर काय केलंत हा प्रश्न येतो. करार चांगला आहे. पण त्याचं सारं चाक त्या एका पत्रकावर फिरतं.

विजय तांबे यांच्या घरी असं पत्रक आलं नाही.

घर म्हणजे पत्नी दमयंती. माहेरच्या सुभेदार. बॅडमिंटनची आवड असलेल्या जुन्या वाचकांना हे नाव वेगळं सांगायला नको. महिला एकेरीत तीनदा राष्ट्रीय विजेतेपद, १९७० चा अर्जुन पुरस्कार. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. वय तेवीस. हवाई दलाच्या तारेत आधी ‘बेपत्ता’ असं येतं. मग काही काळानं कागदावर त्याचं ‘बेपत्ता, मृत्यू झाल्याचा समज’ असं होतं, म्हणजे निवृत्तिवेतनाची व्यवस्था करता येते. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १०८ व्या कलमातही तशीच तरतूद होती. सात वर्षं माणसाची काही खबर नसली, तर तो मेला असं धरून चालता येतं. धरून चालणं कायद्याला जमतं. दमयंतीबाईंच्या हातात तर खबर होती, छापील, तारखेसह. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाल्या. आणि हातातला कागद घेऊन एकेका मंत्र्याकडे, एकेका अधिकाऱ्याकडे गेल्या.

आता इतिहासाचा मास्तर म्हणून मला त्या छापील ओळीचं वजन करायला हवं. वर्तमानपत्र शत्रूचं, युद्धाच्या धामधुमीतलं. अशा बातम्यांत फुगवलेलं पुष्कळ असतं. पाच म्हणजे खरोखर पाच होते का, कोण जाणे. पण आडनावाचं तसं नाही. ढाक्यातल्या वार्ताहरानं मनानं एखादं भारतीय नाव रचलं असतं तर सिंग, शर्मा, गुप्ता असं काही रचलं असतं. तांबे त्याला सुचलं नसतं. म्हणजे हे नाव शोरकोटकडून कोणत्या तरी मार्गानं तिथपर्यंत पोचलं होतं. एवढं मी ठामपणे म्हणेन. याच्या पुढे मात्र पाय जपून टाकावा लागतो. नाव माणसाच्या तोंडून कळतं, तसं ते खिशातल्या ओळखपत्रावरूनही कळतं, आणि ओळखपत्र मृतदेहाच्या खिशातही असतं. बातमी ‘जिवंत’ म्हणते. ज्यांनी ती दिली, त्यांनीच पुढे असा माणूस आमच्याकडे नाही असं सांगितलं. या दोन्हींपैकी एक विधान खोटं आहे, आणि ते कोणतं हे सांगणं त्यांच्याच हातात होतं.

तांबे एकटे असते तर कदाचित प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण इतर घरांतूनही चिठ्ठ्याचपाट्या निघू लागल्या. डिसेंबर १९७१ च्या शेवटच्या आठवड्यातल्या ‘टाइम’ साप्ताहिकात गजाआडच्या एका भारतीय कैद्याचं छायाचित्र आलं. घरच्यांनी ओळखलं, हे मेजर ए. के. घोष. परत आलेल्यांत ते नव्हते. मेजर अशोक सुरी यांना तर सैन्यानं युद्धात कामी आलेले म्हणून नोंदवलं होतं. १९७४ च्या डिसेंबरात त्यांच्या वडिलांना मुलाची चिठ्ठी आली. पुढच्या वर्षी दुसरी आली, कराचीची. आम्ही इथे वीस अधिकारी आहोत असं त्यात होतं. हस्ताक्षर तपासलं, जुळलं, आणि संरक्षण खात्यानं त्यांची नोंद ‘मृत’ वरून ‘बेपत्ता’ अशी बदलली. मेलेल्याचा पुन्हा बेपत्ता होणं, ही सरकारी दप्तरातली दुर्मीळ बढती म्हणावी लागेल.

बाकीचे पुरावे इतके पक्के नाहीत. व्हिक्टोरिया स्कोफिल्ड या ब्रिटिश लेखिकेनं झुल्फिकार अली भुट्टो यांच्या खटल्यावर १९७९ साली पुस्तक लिहिलं. लाहोरच्या कोट लखपत तुरुंगात भुट्टोंना शेजारच्या बराकीतून रात्री किंकाळ्या ऐकू येत आणि ते १९७१ चे, भ्रमिष्ट झालेले भारतीय युद्धकैदी होते असं त्यांना सांगण्यात आलं, असा त्यात उल्लेख आहे. अंगावर काटा येतो खरा. पण ही ऐकीव गोष्टीची ऐकीव गोष्ट आहे. तीत नाव नाही, चेहरा नाही. सुटून आलेले काही कैदीही आम्ही अमुक पाहिला, तमुक पाहिला असं सांगत. कुटुंबांनी तेही सगळं जपून ठेवलं. त्यांना मी दोष देणार नाही. वजन करण्याची चैन आपल्याला परवडते.

१९७९ साली परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी लोकसभेत चाळीस जणांची यादी ठेवली. पुढे तो आकडा चोपन्न झाला आणि तिथेच स्थिरावला. ‘चोपन्न बेपत्ता’ हा शब्दप्रयोगच रूढ झाला. त्या यादीवरून बोट फिरवलं की मराठी नावं पुन्हा पुन्हा लागतात. तांबे आहेत, प्रदीप विनायक आपटे आहेत, अशोक बळवंत धवळे आहेत, श्रीकांत चंद्रकांत महाजन आहेत, रमेश गुलाबराव कदम आहेत. सगळे हवाई दलाचे. चोपन्नांत हवाई दलाची माणसं इतकी का, याचं कारण वर येऊनच गेलं. पायदळाचा सैनिक पडतो तेव्हा शेजारी दुसरा असतो. वैमानिक शत्रूच्या मुलखात एकटा पडतो.

१९८३ साली सहा नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगात नेऊन आणलं. काही हाती लागलं नाही. २००७ च्या जूनमध्ये चौदा जण गेले, त्यांत दमयंती तांबे होत्या. पस्तीस वर्षं उलटून गेली होती. नवऱ्याचं जे रूप त्यांच्या डोळ्यांपुढे होतं ते तरुण अधिकाऱ्याचं, आणि शोधायचं होतं ते म्हाताऱ्या कैद्याला. त्यांना तुरुंगामागून तुरुंग दाखवले गेले. सगळे नागरी. सैन्याच्या ताब्यातली ठिकाणं त्या दौऱ्यात नव्हती. चोपन्नांतलं कोणी भेटलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या हवाई दलापुढे हाच प्रश्न होता, पण फार मोठा. त्यांच्या एकट्या बॉम्बफेकी दलातच ५५ हजारांहून अधिक माणसं मेली होती आणि सगळ्या आघाड्यांवर मिळून सुमारे ४२ हजार वैमानिक आणि विमानातले कर्मचारी बेपत्ता होते. त्यांनी बेपत्तांचा तपास करणारं वेगळं खातं काढलं. त्या खात्याचे लोक युरोपातल्या गावोगाव फिरले. पाद्र्यांना, शेतकऱ्यांना, स्मशानातल्या राखणदारांना विचारलं, थडगी उकरली, गणवेशावरच्या धोबीखुणांवरून माणसं ओळखली. काही वर्षांत निम्म्याहून अधिकांचा पत्ता लागला. उरलेल्यांची नावं लंडनजवळ रनिमीडच्या स्मारकावर कोरली, वीस हजारांवर. हे त्यांना जमलं, कारण जर्मनी हरली होती आणि तिची दारं उघडी होती. शोरकोटजवळच्या एखाद्या गावातल्या म्हाताऱ्याला विचारायला आपलं कोणी जाऊ शकलं नाही. विमान कुठे पडलं, छत्री दिसली का, कोणाला कुठे पुरलं, एवढे तीनच प्रश्न होते. १९७२ साली ती माहिती असणारी शंभर माणसं तरी हयात असतील.

मग आपल्या हाती काय उरलं? दोन फायली. एक निवृत्तिवेतनाची, तीत माणूस मेलेला आहे. दुसरी परराष्ट्र खात्याची, तीत तोच माणूस पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचा समज आहे. २०११ साली गुजरात उच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं, आंतरराष्ट्रीय न्यायालयात जा. सर्वोच्च न्यायालयात त्या आदेशाला स्थगिती मिळाली. पाकिस्तानशी असलेले वाद आपसांतच सोडवायचे, हे सिमला करारापासूनचं आपलं धोरण आहे. ते धोरण काश्मीरसाठी आखलेलं. त्यात हे चोपन्न जणही अडकले. २०१५ साली त्याच न्यायालयानं सरकारला विचारलं, की ही माणसं जिवंत आहेत का? उत्तर आलं, आम्हाला माहीत नाही. पाकिस्तान नाकारतो म्हणून मृत धरतो. २०१९ साली संसदेत पुन्हा लेखी उत्तर आलं, की पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचा समज असलेले बेपत्ता भारतीय सैनिक त्र्याऐंशी, त्यांत युद्धकैदी चोपन्न. पाकिस्तान ते मान्य करत नाही.

त्या चोपन्नांत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, ३२ स्क्वाड्रन, हे नाव अजून आहे. यादीत वैमानिकाच्या नावापुढे हुद्दा असतो, सेवा क्रमांक असतो, विमान पडल्याची तारीख असते. त्याच्या पुढे काही लिहिलेलं नसतं.